त्या वर्षी गौर कुणी आणली?

“नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमचे अशील यांच्या पत्नी कोणतेही सबळ कारण नसताना घर सोडून माहेरी निघून गेल्या व तेव्हापासून उभयता विभक्त राहत आहेत.”

नवऱ्याचे वकील रणजितराव यांनी मसुद्यातलं हे वाक्य वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. विषय संपला, अशा थाटात.

मी म्हटलं, “तारीख मान्य नाही.”

“मॅडम, एका तारखेवरून काय अडवता? तुमच्या अशिलालाच मोकळं व्हायचंय ना?”

“मोकळं व्हायचंय. रिकामं नाही.”

मध्यस्थ म्हणून बसलेल्या निवृत्त न्यायाधीश बाईंनी मला आवाज खाली घ्यायला सांगितलं. त्या दिवशी त्यांना ते पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

मी सांगलीत वकिली करते. माझ्याकडे बहुतेक काम नवरा-बायकोच्या वादांचं. ही गोष्ट अश्विनीला विचारून सांगते आहे. नावं आणि काही खुणा बदलल्या आहेत.

अश्विनी शिराळ्याची. लग्न होऊन कुपवाडला आली. नवरा प्रवीण, त्याचं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप. पंपाचे शाफ्ट आणि बुश टर्निंग करून द्यायचे. सुरुवातीला भाड्याची शेड होती. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांनी गाळा विकत घेतला. त्याच्या इसारात अश्विनीच्या माहेरच्या पाटल्या गेल्या. प्रवीण लेथवर, ती बाकी सगळ्यावर. बिलं, डिस्पॅच, कामगारांच्या पाळ्या, कस्टमरशी भाव. कोणता कस्टमर माल घेऊन रिजेक्शनचं नाटक करतो, हे तिला फोनवरच्या ‘हॅलो’वरून कळायचं. मूल झालं नाही. त्यावरून घरात कुरबुर सुरू झाली, आणि पुढे कुरबुरीचं मौन झालं. एका छपराखाली दोघं एकमेकांशी चहापुरतं बोलू लागले.

शेवटी परस्पर संमतीनं घटस्फोट घ्यायचं ठरलं. इथपर्यंत दोघांचं एकमत होतं.

आता थोडं कायद्याचं. परस्पर संमतीचा अर्ज करायचा तर नवरा-बायको किमान वर्षभर वेगळे राहत असले पाहिजेत. म्हणून अर्जात ‘विभक्त झाल्याची तारीख’ लिहावी लागते. लोकांना वाटतं तो रकाना भरण्यापुरता. तसं नसतं. आपल्याकडे घटस्फोटात सगळ्याचे आपोआप दोन भाग होत नाहीत. ज्याच्या नावावर जे, ते त्याचं. बायकोचं स्त्रीधन बायकोचं. पोटगी साधारणपणे अर्ज केल्या दिवसापासून धरतात. बाकी जे मिळवायचं ते तडजोडीत. आणि तडजोडीत पहिला प्रश्न हाच येतो, की एकत्र होता तेव्हा काय उभं राहिलं आणि नंतर काय. ती रेघ कुठं ओढायची, हे तारीख ठरवते.

प्रवीणनं पाटल्यांची गोष्ट कधी नाकारली नाही. शिवाय त्याला घाई होती. घरच्यांनी दुसरं स्थळ बघून ठेवलं होतं. त्यामुळे त्यानं तत्त्व मान्य केलं होतं. वेगळं होईपर्यंत जे उभं राहिलं त्यात निम्मा वाटा अश्विनीचा.

आणि मेख इथंच होती. गाळे दोन झाले होते. शेजारचा दुसरा गाळा विकायला निघाला तेव्हा प्रवीणनं त्याचा इसार गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर दिला आणि पितृपक्ष लागायच्या आत खरेदी केली. म्हणजे विभक्त झाल्याची तारीख नागपंचमी धरली, तर वाटणीत एकच गाळा. एका गाळ्याचे दोन तुकडे होत नाहीत. त्यांनी ठरवलेल्या किमतीच्या निम्मे पैसे घ्यायचे आणि शिराळ्याच्या गाडीत बसायचं. तारीख दिवाळीची धरली, तर दोन गाळे. एक त्याचा, एक तिचा.

अश्विनीला पैसे नको होते. ती मला पहिल्या भेटीत म्हणाली होती, “मॅडम, पैसे भाऊ मागंल, नाहीतर घरात कुठं तरी मुरतील. मला शटर पाहिजे. सकाळी जाऊन उघडता येईल असं.”

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आता रणजितरावांबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझा आवाज त्या दिवशी का चढत होता हे कळायचं नाही. मी वडूजच्या बाजारात आईच्या बांगड्यांच्या पालावर वाढले. वकिलीची सनद घेऊन साताऱ्यात एका मोठ्या वकिलांच्या चेंबरमध्ये लागले. नऊ वर्षं काढली. मसुदे माझे, खाली सही साहेबांची. ‘तुझ्यावरच चालतंय सगळं,’ असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे. त्यांनी काम थांबवलं तेव्हा चेंबर, पुस्तकं, अशील, खुर्ची, सगळं पुतण्याला दिलं. त्या वेळी पुतण्याला तारखेचा अर्जसुद्धा धड लिहिता येत नव्हता. तो पुतण्या म्हणजे रणजितराव. मी सांगलीला आले आणि जिन्याखालच्या टेबलावरून सुरुवात केली. त्याचं मला वाईट वाटत नाही. राग येतो, आणि तो अजून उतरलेला नाही. ‘कोणतेही सबळ कारण नसताना’ हे वाक्य त्या चेंबरच्या नमुन्यातलं आहे. ते इतकी वर्षं तसंच चालू आहे. फक्त नाव आणि तारीख बदलतात. बाई बाळंतपणाला गेलेली असो, मार खाऊन गेलेली असो, की आजारी बापाला बघायला. नमुन्यात ती निघूनच जाते.

नागपंचमीला काय झालं होतं? शिराळ्याच्या लेकीला नागपंचमीला माहेरी न्यायला भाऊ येतो. दरवर्षी यायचा, त्याही वर्षी आला. सण झाला आणि त्याच आठवड्यात वडील घसरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. घरात करणारं दुसरं कुणी नव्हतं. अश्विनी थांबली. आठवड्यातून दोन-तीन दिवस ती एसटीनं कुपवाडला यायची, बिलं काढायची, माल पाठवायची. कधी मुक्काम करायची, कधी परत जायची. दिवाळीपर्यंत असंच चाललं. पाडव्यानंतर ती परत आली नाही.

मी हे सगळं सांगितलं. रणजितरावांनी ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, “येत होत्या ना? कामाला येत होत्या. सुपरवायझरही रोज येतो. म्हणून तो घरचा होत नाही.”

अश्विनीनं मान खाली घातली. प्रवीण भिंतीकडे बघत होता.

मला संताप आला. मी म्हटलं, “साहेब, आपल्या भागात दर तिसऱ्या घरातला माणूस फौजेत आहे. वर्षाचे दहा महिने बायको इथं आणि तो सीमेवर. त्या सगळ्यांना विभक्त धरायचं का? कायद्यात वेगळं राहणं म्हणजे अंतर नव्हे. मनानं आणि वागण्यानं संसार थांबणं. एका खोलीत राहून माणसं विभक्त असतात आणि दोन गावांत राहून संसार चालू असतो.”

“बरोबर. पण संसार चालू होता याला पुरावा?”

“गणपतीत ती घरी होती. फोटो आहेत.”

“गणपतीला गल्ली येते, मॅडम. फोटोत मीसुद्धा कुणाकुणाच्या घरी आहे.”

मध्यस्थ बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, की रणजितरावांचा मुद्दा त्यांना पटतो आहे, माझा नव्हे. कामगार साक्ष देणार नव्हते, त्यांचा पगार प्रवीणकडे. शेजारी देणार नव्हते, त्यांना तिथंच राहायचं. कोर्टात लढायचं तर वर्षं जाणार, आणि तोवर दोन्ही शटरच्या किल्ल्या एकाच खिशात. रणजितरावांना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी लगेच पुढचा पत्ता टाकला. नागपंचमीची तारीख मान्य केलीत तर वर्ष भरलेलं आहे, अर्ज याच आठवड्यात, पैसेही लगेच. नाही तर काढा तारखा.

चहाची सुट्टी झाली. बाहेर व्हरांड्यात अश्विनी म्हणाली, “घेऊन टाकूया का मॅडम? दमले मी.”

मी तिच्यावर खेकसले. मग विचारलं, “गणपतीत घरी होतीस तेव्हा काय केलंस? बसलीस, जेवलीस, की काही काम केलंस?”

“कामच की. गौर आणली, पुरणपोळ्या केल्या, दुसऱ्या दिवशी…”

“थांब. गौर कुणी आणली?”

“मीच. दरवर्षी मीच आणते. आत्यांना चालत न्हाई ना.”

आत्या म्हणजे तिची सासू. प्रवीणचे वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. गौर घरात आणायची ती घरच्या सवाष्णीनं, अशी त्यांच्या घराची रीत. म्हणजे सासूबाई बाजूला उभ्या राहणार आणि सून तांब्यातली गौर घेऊन, हळदीकुंकवाच्या पावलांवरून उंबरा ओलांडून आत येणार. ही रीत मला मान्य नाही. ज्या बाईनं घर उभं केलं तिला दाराआड उभं करायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. पण त्या दिवशी रीत माझ्या कामाची होती.

सासूबाई आतच होत्या. लेकाच्या बाजूनं आल्या होत्या, सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी. रणजितरावांनी त्यांना शोभेला बसवलं होतं. आई सोबत असली की लेक सरळ वाटतो.

सुट्टीनंतर मी आवाज मऊ केला. बाजारात गिऱ्हाईक उठून चाललं की आई असाच आवाज काढायची. म्हटलं, “ठीक आहे. तारीख नागपंचमीची लिहूया. पण मग पुढचंही नीट लिहावं लागेल. नागपंचमीनंतर घरात सून नव्हती. म्हणजे त्या वर्षी यांच्याकडे गौर परक्या बाईनं आणली.”

रणजितराव लिहून घ्यायला लागले होते. त्यांना काही खटकलं नाही. त्यांच्या घरची गौर त्यांनी आजवर आरतीच्या ताटापुरतीच पाहिली असणार.

पण कोपऱ्यातली पिशवी खाली ठेवली गेली.

“काय म्हनलासा, वकीलीनबाई?”

“आक्का, तुमच्या वकिलांचंच म्हणणं आहे. सून आदल्या महिन्यातच निघून गेली होती.”

“माझ्या घरात गौर परक्या बाईनं आनली?”

रणजितराव घाईनं म्हणाले, “आई, तुम्ही उत्तर देऊ नका. मी बघतो.”

“तू काय बघतोस रं? तू हुतास का तितं?” त्या माझ्याकडे वळल्या. “आवं, गौर सुनंनं आनली. भावकीतल्या बायकांनी तिच्या पायावर पानी घातलं. साऱ्या घरातनं तिनं गौर फिरवली, धान्याच्या कनगीजवळ नेली, देवाजवळ नेली. ह्यो पोरगा नव्या गाळ्याचा कागद घिऊन आला, तो बी तिनंच गौरीम्होरं ठिवला.”

“पण आई, ती पाहुणी म्हणून…” प्रवीण पुटपुटला.

“पाव्हनीला आमी हळदीकुंकू देतो रं. गौर देत न्हाई.”

रणजितरावांचं पेन थांबलं होतं.

मध्यस्थ बाईंनी शांतपणे विचारलं, “मग आक्का, तुमच्या मते तुटलं कधी?”

“पाडव्याला. हिनं ववाळायचं ताट केलं, पाट मांडला, रांगोळी घातली. ह्यो माडीवरनं खाली आलाच न्हाई. ती लय वेळ तशीच बसली. मग ताट उचललं आन संध्याकाळच्या गाडीनं गेली. तवा तुटलं. मी तिला थांब म्हनलं न्हाई.”

अश्विनी रडली नाही. ती सासूकडे बघत राहिली, इतकंच.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मध्यस्थीच्या खोलीत बोललेलं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. रणजितरावांनी लगेच तेच सुनावलं. मी म्हटलं, “नका वापरू. मी आक्कांना साक्षीला बोलावेन. पिंजऱ्यात उभं करून हाच एक प्रश्न विचारेन. तुम्हाला वाटतं त्या उत्तर बदलतील?”

प्रवीणनं आईकडे पाहिलं. मग वकिलांकडे पाहून मान हलवली. पाडवा मान्य झाला. पाडव्यापासून वर्ष भरायला अजून थोडे महिने होते. अर्ज दिवाळीनंतर करायचा, असं ठरलं. त्याच्या घाईचा पत्ता आता माझ्या हातात होता.

मग खरा सौदा सुरू झाला. मध्यस्थ दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बसतात. आमच्या बैठकीत अश्विनी म्हणाली, “मॅडम, मला जुनाच गाळा पाहिजे. त्याच्यावर कर्ज न्हाई. दोन्ही लेथ मला चालवायला येतात. कस्टमरला पत्ता पाठ आहे.”

“मग गप्प बस. आणि नव्या गाळ्यावर जीव जडल्यासारखं तोंड कर.”

पुन्हा सगळे एकत्र बसल्यावर मी नवा गाळा मागितला. नव्या गाळ्यात व्हीएमसी बसवली होती. आपोआप मिलिंग करणारी महागडी मशीन, डोक्यावर बँकेचं कर्ज. प्रवीणचा सगळा जीव त्या मशीनमध्ये. तो उठूनच उभा राहिला. तासभर मी हटले नाही. मशीनचं नाव घेऊन घेऊन त्याला घाम फोडला. मग उपकार केल्यासारखं म्हटलं, जाऊ दे, जुना द्या. दोन्ही लेथसकट. आणि वर्कशॉपचा मोबाईल नंबर.

“नंबर कशाला?” प्रवीणनं विचारलं.

रणजितरावांना आता उठायचं होतं, साताऱ्याला परतायचं होतं. म्हणाले, “द्या हो. नंबरात काय आहे? नवं कार्ड पन्नास ठिकाणी मिळतं.”

मी तो नंबर कराराच्या कलमात आकड्यांसकट लिहून घेतला, शाई वाळायच्या आत सह्या घेतल्या.

व्हरांड्यात रणजितराव म्हणाले, “मॅडम, तुम्ही म्हातारीच्या देवाचा बाजार मांडलात.”

“देव त्यांचा. खोटी तारीख तुमची. मी फक्त दोन्ही एका टेबलावर ठेवलं.”

“काका म्हणायचे, तुम्हाला चेंबर सांभाळता आलं नसतं.”

“काकांनी दिलं असतं तर कळलं असतं.”

हे मला इतकी वर्षं म्हणायचं होतं. म्हणून झाल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. पण म्हटलं, हे बरं झालं.

सासूबाई जिन्यापाशी थांबल्या होत्या. मला म्हणाल्या, “माझ्या लेकाचं नुकसान केलं व्हय मी?”

“तुमच्या लेकाकडं अर्धं राहिलं आक्का. आधी दोन्ही गाळे राहत होते, पण खोट्यावर.”

त्यांना ते पटलं की नाही, माहीत नाही. त्या अश्विनीकडे वळल्या. अश्विनीनं वाकून पायाला हात लावला आणि म्हातारीनं तिची बॅग जिन्याच्या खालपर्यंत नेऊन दिली.

दिवाळीनंतर अर्ज झाला. मध्ये सहा महिने थांबायची अट असते. दोघांचं सगळं ठरलेलं होतं म्हणून कोर्टानं ती माफ केली. जुन्या गाळ्याची किल्ली अश्विनीकडे आली. पहिल्याच आठवड्यात फोन वाजायला लागला. कस्टमरना घटस्फोटाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी नेहमीचा नंबर लावला, नेहमीच्या बाईनं उचलला, नेहमीसारखी डिलिव्हरीची तारीख सांगितली. प्रवीणची व्हीएमसी काही दिवस रिकामी उभी राहिली. मग त्यानं अश्विनीकडे जॉबवर्क मागितलं, म्हणजे तिच्या ऑर्डरमधलं मिलिंगचं काम त्याच्या मशीनवर. ती देते. रोकडीवर, आणि भाव पाडून.

माझ्याकडे आता कुणी आलं आणि ‘मॅडम, वेगळं झाल्याची तारीख काय टाकू?’ असं विचारलं, की मी आधी पेन खाली ठेवायला लावते. वेगळं कधी झालात हे तुम्ही सांगा, पुरावा मी शोधेन. तारीख वकिलाला ठरवू देऊ नका. वकील स्वतःच्या सोयीची टाकतो. मीसुद्धा.